मेलेल्या केबलींचं वजन

ओळंबा ठरलेल्या खुणेच्या चार बोटं पुढे गेला आणि तिथेच थांबला.

जहाजाच्या पोटात तो लांब दोरीला टांगलेला होता आणि खाली तेलाच्या बादलीत बुडवलेला होता, उगाच डोलू नये म्हणून. ही चाचणी सकाळी, वारा पडलेला असताना करतात. सगळ्या माणसांना धक्क्यावर उतरवतात. डेकवर ठेवलेली लोखंडी वजनं या बाजूची त्या बाजूला नेतात. जहाज जरासं कलतं, आणि ओळंबा किती सरकला त्यावरून जहाज डोक्यात किती जड आहे ते कळतं. पोटातलं वजन जहाजाला धरून ठेवतं, डोक्यावरचं वजन त्याला आडवं करायला बघतं. माणसाचंही तसंच असतं, पण माणसाची चाचणी कोणी घेत नाही.

तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच. वजनांचा हिशोब ठेवणारी इंजिनिअर जेमतेम तिशीची होती. यार्डात तिला मागे तराजूबाई आणि समोर मॅडम म्हणत. ती शिडीवरून धक्क्यावर उतरली आणि मोठ्या साहेबांना म्हणाली, "अकरा टन जास्त आहे. वर कुठेतरी. कागदावर नाही."

वर कुठेतरी म्हणजे कुठे, हे धक्क्यावर उभ्या असलेल्या गर्दीत एका माणसाला नेमकं माहीत होतं. एकतीस वर्षं तो या यार्डात केबली ओढत होता, म्हणून त्याला तारमास्तर म्हणत. त्याच्या हातात चहाचा कप होता. तो त्याने शांतपणे संपवला आणि कप चुरगळून पिंपात टाकला.

जहाज तीस वर्षांचं होतं. ते नवं करायचं चाललं होतं. नवं करणं म्हणजे काय, तर जुन्याच्या डोक्यावर नवं ठेवणं. आता समुद्रात शत्रू समोरासमोर येत नाही. लांबच्या कुठल्या किनाऱ्यावरून एक ड्रोन सोडतो, पाण्याच्या पंपासारखा फटफटत येणारा, किंवा पाण्याला चिकटून येणारं एखादं क्षेपणास्त्र, आणि दीडदोनशे माणसांचं घर पाच मिनिटांत पेटतं. म्हणून मास्टवर चारी दिशांना बघणारं नवं रडार बसवलं होतं. आलेली वस्तू हवेतच फोडायला दोन लाँचर बसायचे होते, एक पुढे, एक मागे हेलिकॉप्टरच्या खोलीच्या छपरावर. पुढचा बसला होता. मागचा ताडपत्रीखाली धक्क्यावर पडून होता.

आणि मंत्र्याने तारीख देऊन टाकली होती. तारीख द्यायला काय लागतं, तोंड लागतं. ते त्याच्याकडे होतं.

दुपारी साहेबांनी निर्णय सांगितला. मागचा लाँचर चढवायचा नाही. तो न चढवता जहाज सुरक्षित आहे, चढवला तर वादळात कलंडेल. कागदावर लिहायचं, पुढील टप्प्यात बसवण्यात येईल. पुढील टप्पा म्हणजे काय हे यार्डात झाडू मारणाऱ्यालाही कळतं.

तारमास्तराचा जोडीदार पकड. त्याच्या हातातून सुटलेली वस्तू कोणी पाहिली नव्हती म्हणून पकड. सव्वीस वर्षं दोघं एकाच भोकात वर-खाली काम करत आले होते. एक ढकलणार, दुसरा ओढणार. सुट्टीच्या भोंग्यानंतर सायकल काढताना पकडने एवढंच विचारलं की तुला आठवतंय ना. तारमास्तर म्हणाला, आठवतंय. पकड म्हणाला, मग विसर.

आठवण्यासारखं फार नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वी हेच जहाज याच यार्डात आलं होतं. तेव्हाही नवं करायला, तेव्हाही तारखेला. तेव्हाचं जुनं रडार काढलं, नवं बसवलं. जुन्या रडारच्या केबली काढायच्या होत्या. जहाज चालवतात त्या ब्रिजखालच्या मजल्यापासून मास्टपर्यंत जाणारा केबलींचा उभा बोगदा, त्याला सगळे ट्रंक म्हणत, कपड्याच्या कपाटाएवढा रुंद. त्यातून हातभर जाडीच्या जुडग्यातली मेलेली केबल उपसायची म्हणजे महिन्याचं काम. दिवस होते सहा. मग यार्डात पूर्वापार चालत आलेलं तेच केलं. दोन्ही टोकं कापली, टोकांना रबरी टोप्या घातल्या, मागे ढकलली, वरून नव्या केबली टाकल्या. यार्डात याला टोपी घालणंच म्हणत, आणि म्हणताना कोणी हसतही नसे, इतकं ते रोजचं होतं. त्या दिवशी सहीला सहा कागद होते. पाचव्यावर होतं, जुन्या केबली काढल्या, तेवीसशे मीटर. त्याने सही केली. खाली पकडची सही. मग सहावा कागद.

त्यात कोणी कोणाला फसवलं नव्हतं. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. फक्त जहाजाला कोणी विचारलं नव्हतं, आणि जहाज एकोणीस वर्षं ते ओझं डोक्यावर घेऊन फिरत राहिलं.

आता त्याच जहाजावर त्याची लेक होती.

सव्वीस वर्षांची. नव्या रडारच्या पडद्यासमोर बसून आकाश बघायचं काम तिचं. जहाज यार्डात असेपर्यंत ती रोज संध्याकाळी घरी येत होती. त्या दिवशी ती आली, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बुटांना पॉलिश करायला बसली. तिची आई पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तारमास्तर खुर्चीत बसला होता. कंबर दुखत होती. ती रोजच दुखायची, पण आज तिचं दुखणं त्याला बरं वाटत होतं. निदान त्याला कारण होतं.

"मागचा काढला," लेक म्हणाली.

तो म्हणाला, ऐकलं.

मग तिने आईला समजावून सांगितलं, कारण आई विचारणार हे तिला ठाऊक होतं. पुढच्या लाँचरच्या आणि जहाजाच्या मागच्या बाजूच्या मध्ये मास्ट आहे, धुराडं आहे. मागून काही आलं तर पुढच्याला ते मारता येत नाही. आख्खं जहाज वळवून तोंड तिकडे करावं लागतं. पाण्याला चिकटून येणारं क्षेपणास्त्र दिसल्यापासून पोचायला पन्नास सेकंद घेतं. जहाज वळायला सत्तर.

"मग तू काय करायचं?" आईने विचारलं.

"बघायचं. नवं रडार फार छान आहे, आई. सगळं स्वच्छ दिसतं."

आईने एक सदरा पुन्हा उलगडला आणि पुन्हा घातली तीच घडी. तारमास्तराने घसा साफ केला. पकडचं तोंड त्याच्या डोळ्यांसमोर आलं, आणि तो ते बाजूला सारून बोलला.

"ते अकरा टन आहेत ना. त्यातले आठ माझे आहेत."

ब्रश थांबला. त्याने सगळं सांगितलं. ट्रंक, टोप्या, सहा कागद, पाचवी सही. सांगायला चार मिनिटंही लागली नाहीत. एकोणीस वर्षांची गोष्ट चार मिनिटांत संपते याचं त्याला नवल वाटलं.

"किती मीटर?" तिने विचारलं.

"तेवीसशे."

"बरं आठवतंय तुम्हाला."

"केलेलं काम विसरतो माणूस. न केलेलं राहतं."

ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मी दुसऱ्या जहाजावर असते, तर सांगितलं असतंत?"

घड्या घालणारे हात थांबले. खोलीत दोन बायका त्याच्या उत्तराची वाट बघत होत्या, आणि खोटं बोलायला ही चांगली जागा होती. घर होतं, लेक होती, कोणाची सही लागणार नव्हती. त्याने विचार केला आणि जे होतं ते सांगितलं.

"नसतं सांगितलं."

तिने मान हलवली, जणू तेवढंच हवं होतं. मग दुसरा बूट ओढला. "मग हे मला सांगू नका, बाबा. साहेबांना सांगा. त्या जहाजावर एकशे ऐंशी जण आहेत. सगळ्यांचे बाप केबलवाले नाहीत."

दुसऱ्या दिवशी त्याने साहेबांना सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर रागावले असते. ते फक्त थकले. आधी त्यांनी केबिनचं दार लावलं. मग त्यांनी तारमास्तराला समजावलं की एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या दोन वर्षांत या यार्डातून अशी चार जहाजं गेली, आणि हे एक तोंड उघडलं तर चारी उघडतील. अकरा टनांना नाव द्यायला दुसरे मार्ग आहेत. तीस वर्षांचे रंगाचे थर आहेत, किरकोळ वस्तू आहेत, किरकोळमध्ये वाट्टेल ते बसतं. देशात असं एकही खातं नसेल जे किरकोळवर उभं नाही. तारमास्तराला क्षणभर वाटलं, खरंच, किती सोपं आहे. एकतीस वर्षं कसलीही ठिणगी न पाडता निवृत्त होता येईल.

पण तराजूबाई तिथेच कोपऱ्यात बसली होती. तिने वही उघडली. तिला दार लावण्याशी काही घेणं नव्हतं.

"जाडी सांगा," ती म्हणाली. "आणि तेवीसशेतले किती ट्रंकमध्ये, किती बाजूच्या लोखंडी पट्ट्यांवर?"

त्याने सांगितलं. तिने गुणाकार केला. आठ टन आणि वर थोडं. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते बघून साहेबांनाही हसू आवरेना. समोर बसलेला माणूस खोटी सही करणारा निघाला, याचं तिला सुखदुःख नव्हतं. आकडा सापडला होता. आदल्या रात्री तिला झोप नव्हती ती अकरा टनांच्या पायी.

तिने पुढचंही सांगितलं. आठही काढायची गरज नाही. वरून सहा टन उतरवा, लाँचर चढेल, आणि त्याच्या शेजारी दुसऱ्यांदा भरायच्या क्षेपणास्त्रांची पेटीही बसेल.

साहेबांनी दिनदर्शिकेकडे बघितलं. दहाव्या दिवशी मोठी क्रेन येणार होती. ती एकदा गेली की गेली. "नऊ दिवस," ते म्हणाले. "आणि हे सगळं तुमच्या हातचं लिहून द्या. मी झाकणार नाही. आता झाकता येणार नाही." हे ते तराजूबाईकडे बघून म्हणाले.

त्याने लिहून दिलं. अक्षर वाईट होतं, मजकूर सरळ होता. फक्त स्वतःचं नाव घातलं.

सहा माणसं मिळाली. त्यातली दोनच ट्रंकमध्ये मावत होती. मावणाऱ्यांतला एक तो स्वतः, कारण एकतीस वर्षांत बाकी काही कमावलं नसलं तरी पोट वाढवलं नव्हतं. पकड आला नाही. तो दुसऱ्या जहाजावर गेला आणि जेवणाच्या सुट्टीत समोरून जाताना त्याने मान फिरवली. सव्वीस वर्षांच्या जोडीदाराने मान फिरवली की माणूस आपल्याच घराबाहेर उभा राहिल्यासारखा दिसतो. पण पकड चुकला होता असंही नाही. त्या कागदावर त्याचीही सही होती, आणि त्याला कोणी विचारलं नव्हतं.

मेलेली केबल जिवंत केबलीपेक्षा हट्टी असते. जुन्या रंगाने ती पट्ट्यांना चिकटली होती. पट्टी खरवडायची, खीळ सोडवायची, करवतीने हातभर तुकडा कापायचा, खालच्याच्या हातात द्यायचा. तो त्याच्या खालच्याला. डेकवर क्रेनच्या हुकाला वजनाचा काटा टांगलेला, त्याच्याजवळ तराजूबाई स्टूल टाकून बसलेली. ती प्रत्येक खेप लिहायची. पहिल्या दिवशी चारशे दहा किलो. दुसऱ्या दिवशी तीनशे नव्वद, कारण हात गेले होते. त्या गतीने नऊ दिवसांत चार टनही होणार नव्हते, हे तिला कळत होतं, आणि ती तोंडावर सांगत होती. दिलासा देणं तिच्या कामात नव्हतं.

वर मास्टवर रंगारी चढले होते. मंत्र्याच्या फोटोसाठी. सहा माणसं खालून ओझं काढत होती आणि चौघं वरून नवा थर चढवत होते. तराजूबाईने तोंड वर करून विचारलं, किती डबे. चाळीस म्हणाले. तिने डब्यांचं वजनही लिहून घेतलं, आणि तिने कागद साहेबांसमोर टाकल्यावर फक्त समोरची बाजू रंगवायचं ठरलं. फोटो समोरूनच काढतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रंकच्या खालच्या तोंडाशी पकड स्वतःची करवत घेऊन उभा होता. त्याने कोणाकडे बघितलं नाही. तारमास्तराच्या खालची जागा त्याची होती, तिथे उभ्या असलेल्याला खांद्याने बाजूला केलं आणि हात वर केला. तारमास्तराने पहिला तुकडा त्या हातात ठेवला. दिवसभर दोघं बोलले नाहीत. पण गती दीडपट झाली. एकाने ढकलायचं, दुसऱ्याने ओढायचं, याला बोलावं लागत नाही.

पाचव्या दिवशी त्यांच्या केबलींच्या मागे आणखी जुन्या केबली निघाल्या. कापडी वेष्टणाच्या, जहाज बांधल्यानंतरच्या पहिल्या दुरुस्तीच्या. त्यांच्याही टोकांना टोप्या होत्या. रबरी नव्हे, कातडी, आणि मेण लावलेल्या दोऱ्याने बांधलेल्या, शेवटची गाठ उलटी मारलेली. उलटी गाठ यार्डात एकच माणूस मारायचा. दोघांना काम शिकवलेला म्हातारा, जाऊन बारा वर्षं झालेला. काम देवाचं आहे असं समजून करा, म्हणायचा. ओली केबल चाटून सांगायचा, कुठे गळतंय. त्याच्या नावाने दोघं शपथा घ्यायचे.

तारमास्तराने टोपी खाली दिली. पकडने ती विजेरीच्या उजेडात फिरवून फिरवून बघितली. तीन दिवसांत पहिल्यांदा तो बोलला.

"म्हातारा पण?"

"म्हातारा पण."

खालून एक आवाज आला, हसल्याचा की खोकल्याचा ते ट्रंकमध्ये कळत नव्हतं. मग पकड म्हणाला, दे, काप. आणि म्हाताऱ्याच्या केबलीही तुकड्या-तुकड्याने काट्यावर गेल्या. काटा कोणाची केबल आहे ते बघत नाही.

आठव्या दिवशी दुपारी ते अडकले. तोवर साडेचार टन निघालं होतं. उरलेलं सगळं ट्रंकच्या वरच्या वाकणात होतं, आणि त्याच्यावर नव्या रडारच्या केबली घट्ट बसवलेल्या होत्या. त्या सोडवायच्या तर पुन्हा बसवायच्या, पुन्हा तपासायच्या, तीन आठवडे. न सोडवता ओढायचं तर खालची केबल वरचीला घासत येणार.

पकड खालून म्हणाला, "ओढू?"

तो ओढू शकला असता. पकड होता तो. दोन जोराचे हिसके, आणि संध्याकाळपर्यंत सहा टनांचा आकडा काट्यावर. वरच्या केबलीला ओरखडा पडला असता किंवा नसता. पडला असता तरी आज तपासणीत दिसला नसता. महिन्याने, वर्षाने, खारट ओल आत गेल्यावर, नको त्या घटकेला रडारने एक डोळा मिटला असता. तोवर कागद जुना झाला असता. सगळे कागद जुने होतात. तारमास्तराने वाकणात हात घालून दोन्ही केबलींच्या मधली फट चाचपली. नख जात नव्हतं. त्याने कपाळ लोखंडाला टेकवलं. त्याला इतका थकवा आला होता की आता कोणी सही मागितली असती तर त्याने कशावरही केली असती. फक्त मागायला तिथे कोणी नव्हतं.

"नको," तो म्हणाला. "उतर खाली."

बाजूच्या पट्ट्यांवरचं थोडं निघालं. नवव्या दिवशी भोंगा झाला तेव्हा तराजूबाईच्या वहीत चार टन सातशे किलो होते. तिने तिथेच, स्टुलावर, नवं गणित मांडलं. साहेब उभे होते, पकड आणि तारमास्तर जमिनीवर बसले होते. लाँचर चढेल, ती म्हणाली. एकवीस क्षेपणास्त्रांनी भरलेला. शेजारची पेटी चढणार नाही. एकदा रिकामा झाला की मागची बाजू उघडी. साहेबांनी विचारलं, थोडं इकडे-तिकडे करून नाही बसणार? ती म्हणाली, इकडे-तिकडे करूनच इथवर आलोय.

दहाव्या दिवशी क्रेनने लाँचर उचलला. बघायला कोणी थांबलं नाही, सगळ्यांना कामं होती. साहेबांनी तारमास्तराचा कागद चौकशीला पाठवून दिला. पाठवण्याआधी त्यांनी तो त्याला दाखवला. त्याच्या सहीखाली दुसऱ्या शाईत पकडची सही होती. कधी केली, त्याने सांगितलं नाही. तारमास्तरानेही विचारलं नाही.

जहाज निघायच्या दिवशी सकाळी लेक पिशवी भरून दारात बसली होती, बुटांच्या नाड्या बांधत. तिची आई तिच्या मागे उभी राहून नवऱ्याला म्हणाली, "लागलं ना ते मागचं?"

"लागलं," तारमास्तर म्हणाला.

"पूर्ण सांगा," नाडीवरून मान न उचलता लेक म्हणाली.

त्याने पूर्ण सांगितलं. एकवीस आहेत. दुसऱ्यांदा भरता येणार नाहीत. तीन टनांहून जास्त केबल अजून वर आहे, नव्या केबलींखाली, आणि ती तशीच जाणार आहे. बायको ऐकत होती. तिने लेकीच्या खांद्यावर हात ठेवला, कापड सरळ करायचं निमित्त करून.

"एकवीस पुरतात?" तिने लेकीला विचारलं.

"एका वेळी सात-आठ आली तर पुरतात. एकाला दोन सोडतो आम्ही." तिने गाठ आवळली. "काल आम्ही मागच्या बाजूचा सराव नव्याने बसवला. आधी मारायचं आणि मारतानाच जहाज वळवायला घ्यायचं. म्हणजे हा संपेपर्यंत पुढचा समोर येतो. आधी मागे शून्य होतं, बाबा. शून्यावर काही बसवता येत नव्हतं."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. त्याने ती अपेक्षाही ठेवली नव्हती. ती उठली, आईला वाकून भेटली, आणि पिशवी उचलायला त्याने हात पुढे केला तेव्हा तिने ती उचलू दिली. फाटकापर्यंत दोघं सोबत चालले.

तो परत आला तेव्हा बायको उंबऱ्यातच होती.

"आणि ते उरलेलं कोण काढणार?"

"जहाज परत आलं की. मी, कामावर ठेवलं तर."

"ठेवतील," ती म्हणाली आणि आत वळली. "त्या भोकात दुसरं कोण जाणार आहे."